अर्धवट पुस्तकांचा महिना

१ तारीख, सोमवार

दर महिन्याच्या अखेरीला मी त्या महिन्यात काय वाचलं याबद्दल चार ओळी लिहिते. कॉलेजपासूनची सवय. काल लिहायला बसले आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं. एकच पुस्तक पुरं झालं, तेही पातळ. बाकी सगळ्यांच्या पोटात खुणेचे कागद अडकलेले. पुस्तकं वाईट नव्हती, मीच सारखी उठत-बसत होते. म्हणून या महिन्यात मधूनमधून लिहीत जायचं ठरवलंय. वेळ जातो कुठे ते एकदा बघूच.

आज पहाटेपासून गाडीत. आमची ड्रायव्हिंग स्कूल लहान आहे, गाड्या दोनच. हे गेल्यापासून मीच चालवते. हाताखाली एक शिक्षक, तो महिनाभर रजेवर निघालाय. सासऱ्याचं ऑपरेशन आहे म्हणे. मी विचारलं, ऑपरेशन जावई करणार आहे का? त्याला हसू आलं नाही. म्हणजे दोघांचे तास मीच घ्यायचे.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा धाकटीने बातमी सांगितली. धाकटी म्हणजे माझी बहीण. आई गेल्यापासून माझ्याकडेच असते. मोठ्या वाचनालयात काम करते आणि माझी सगळी पुस्तकं तीच निवडून आणते. वाचनालय आता फिरती गाडी काढणार आहे. मोठी व्हॅन, आत फळ्या, फळ्यांवर पुस्तकं. डोंगरापलीकडच्या वस्त्यांसाठी. गाडी चालवणारं आणि पुस्तकं देणारं माणूस एकच हवं, आणि धाकटीला विचारलंय. राहायचं तिकडेच, खोली देतील. घरी फक्त रविवारी. महिनाअखेर उत्तर द्यायचं, सोबत लायसन्स दाखवायचं.

"तुला गाडी येत नाही," मी म्हटलं.

"शिकेन की."

"शिकून झालंय तुझं. फाटक विसरलीस?"

फाटक म्हणजे आमचंच फाटक. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिला शिकवायला घेतलं होतं. पदोपदी गाडी बंद पाडायची. मी शेजारी बसून अखंड सूचना देत होते, तरीही. शेवटी फाटकावर गाडी घातली आणि रडत घरात गेली. काही माणसांना स्टिअरिंग मानवत नाही. त्यात कमीपणा कसला? तिकडे तर सगळे चढच चढ. विषय संपला.


३ तारीख

दीपगृहात राहणाऱ्या कुटुंबावरची जाडजूड कादंबरी घेतलीय. नायिका तिसऱ्या प्रकरणात खिडकीतून समुद्राकडे बघत उभी राहते. मी आता सहाव्यात आहे, बाई अजून खिडकीतच. मला हिच्या हातात झाडू द्यावासा वाटतो.

नवी विद्यार्थिनी आली आहे, दातांची डॉक्टर. हुशार, पण कुरकुरी. आज गाडीतून उतरली ती लंगडतच.

"बाई, डावा पाय पार भरून आलाय हो."

"क्लचचा पाय तो. सुरुवातीला सगळ्यांचाच दुखतो. डॉक्टर असून घाबरता?"

"मी दातांची आहे."

"मग दात खा आणि उद्या वेळेवर या."

विद्यार्थी पाठीमागे मला ब्रेकबाई म्हणतात. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि माझा पाय त्याच्यावरून हलत नाही, म्हणून. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. असू दे. माझ्या गाडीने आजवर मांजरालाही धक्का दिलेला नाही. पेट्रोल पंपासमोरच्या त्या मिशीवाल्याच्या स्कूलबद्दल असं कुणी म्हणून दाखवावं. ‘हसत खेळत शिका’ अशी पाटी लावलीय त्याने. गाडी काय हसत खेळत शिकायची वस्तू आहे?


७ तारीख, रविवार

आमचा दोघींचा नियम आहे. महिन्याचं एक पुस्तक दोघींचं. एकच प्रत, सकाळी तिच्याकडे, संध्याकाळी माझ्याकडे. रविवारी दुपारी मागच्या पायरीवर बसायचं आणि त्यावर भांडायचं. शेजारच्या वहिनींना पहिल्यांदा वाटलं होतं की जमिनीचा वाद आहे.

या महिन्याचं पुस्तक हीच दीपगृहाची कादंबरी. पण आज भांडण झालंच नाही, कारण धाकटीने पहिलं प्रकरणसुद्धा पुरं केलेलं नाही.

"वेळ नाही झाला, ताई."

वाचनालयात काम करून वाचायला वेळ नाही! मी बोलले नाही. म्हणजे, थोडं बोलले.

सकाळी बाजारात गेलो तर गाडीत सारखी माझ्या पायांकडे बघत होती. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, चप्पल छान आहे. ही चप्पल मी घातली नाही असा दिवस या घराने पाहिलेला नाही.


१० तारीख

धाकटी लंगडतेय. डाव्या पोटरीत गोळा येतो म्हणाली. दिवसभर कपाटांपुढे उभं राहून दुसरं काय होणार? शिरांचा त्रास असेल. आमच्या आत्याला होता. तेल गरम करून दिलं, पाय उशीवर ठेवायला लावला. मुकाट्याने ठेवला. एरवी माझं इतकं ऐकत नाही, म्हणजे दुखणं बरंच असणार.

वाचन: दहा पानं, त्यातली निम्मी दोनदा.


१३ तारीख

घरी यायला तिला रोज उशीर होतोय, म्हणून आज वाचनालयात फोन केला. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "ती तर हल्ली लवकर निघते. परवानगी घेतलीय तिने." कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही, किंवा सांगत नाहीत.

लवकर निघते आणि उशिरा पोहोचते. पाय दुखतो. वाचनात लक्ष नाही. जेवताना मधेच हात थांबतो आणि डावा पाय टेबलाखाली हळूहळू वर येतो, परत खाली जातो. मी वाकून बघितलं. तिला कळलंही नाही.

दीपगृह बाजूला ठेवून एका शल्यविशारदाचं चरित्र उघडलं होतं. ती मोठीच चूक झाली. त्यातले सगळे रोग पायापासून सुरू होतात.


१४ तारीख, रविवार

मागच्या पायरीवर स्पष्ट विचारलं.

"दवाखान्यात जातेस का गं?"

"मी? नाही."

"माझ्यापासून लपवू नकोस. मी घाबरणारी बाई नाही."

"ताई, खरंच नाही जात."

"मग संध्याकाळी कुठे असतेस?"

"पाय मोकळे करते."

"दुखऱ्या पायाने?"

त्यावर ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. दुखणेकरी माणूस असं हसत नाही. की असंच हसतं? चरित्र परत नेऊन दे म्हणून तिच्या पिशवीत टाकलं. व्हॅनचा विषय तिने पुन्हा काढला नाही. समजूतदार आहे.


१७ तारीख

एकटीने सायकलवरून देश पालथा घालणाऱ्या बाईचं प्रवासवर्णन सुरू केलं. पहिल्या पन्नास पानांत तिने तीन नद्या ओलांडल्या. मी दोन विद्यार्थ्यांच्या मधे गाडीत वाचत होते, शेजारून गाडी गेली की मान वर. हे काही वाचन नव्हे.


२० तारीख, शनिवार

आज दातांच्या डॉक्टरची परीक्षा होती. परीक्षेचं मैदान मला तळहातासारखं पाठ आहे. पांढरे पट्टे, कडेला रंगवलेले टायर, आधी वळणं, मग रिव्हर्स, शेवटी मातीचा चढ. डॉक्टर पास झाली, मला मिठी मारायला आली, मी हात पुढे केला. ती गेल्यावर मी पाण्याच्या टाकीपाशी उभी होते.

मिशीवाल्याची पिवळी गाडी आत आली. चालवणाऱ्या बाईचा निळा स्वेटर ओळखीचा वाटला. कोपरावर ठिगळ होतं. ते ठिगळ मीच लावलंय.

मी टाकीमागे गेले. का गेले ते सांगता येत नाही. माझ्या गावात, माझ्या धंद्यात, मी लपले.

डावा पाय! इतकी वर्षं शिकवतेय, येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते, आणि घरात तेलाची वाटी घेऊन फिरत होते. शिरांचा त्रास म्हणे.

वळणं तिने नीट घेतली. रिव्हर्स तर माझ्या डॉक्टरपेक्षा चांगला. घाई नाही, आरशात बघून, मान वळवून. मग चढ. मधे गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते. ती थांबली. गाडी थरथरली, म्हणजे क्लच बरोबर जागी आला होता. आता फक्त हँडब्रेक सोडायचा. तेवढ्यात शेजारी बसलेला परीक्षेचा इन्स्पेक्टर तिच्याकडे वळून काहीतरी बोलला. तिचा पाय दचकून उचलला गेला, गाडी बंद पडली, मागे घसरली आणि टायरला टेकली. माझ्या उजव्या पायाखाली मैदानातल्या मातीत खड्डा पडला होता.

नापास. आठवड्याने पुन्हा बसता येतं.

तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते असं की आता ही कुठे जात नाही. छान मोकळं वाटलं. लिहिलंय ते खोडत नाही.


२१ तारीख, रविवार

ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. दुपारी पायरीवर बसलो. कादंबरी तिने आता पुरी केलीय. म्हणजे काल संध्याकाळी बसून पुरी केली असणार.

मी म्हटलं, ही खिडकीतली नायिका मूर्ख आहे.

"हो, ताई. मूर्खच आहे."

मी म्हटलं, मधला भाग उगाच ताणलाय.

"हो. ताणलाच आहे."

मी म्हटलं, लेखकाला समुद्राशिवाय काही सुचत नाही.

"खरंय तुझं."

मग पुस्तक मिटून म्हणाली, "व्हॅनचंही तू म्हणालीस तेच बरोबर होतं. उद्या नाही म्हणून कळवते."

मला बरं वाटायला हवं होतं.

"उद्याच कशाला?" मी म्हटलं. "महिनाअखेरपर्यंत मुदत आहे ना? लवकर नकार दिला म्हणून कुणी हार घालत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला काय झालंय?"

"मला काय होणार? लोकांना त्यांची मुदत संपेपर्यंत थांबू द्यावं."

दिवसभर घरात येरझारा घातल्या. कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा काढलं. हे असं चाललं तर काय होईल ते मला दिसतंय. ती इथेच राहील, पुस्तकं आणेल, चहा करेल आणि मी म्हणेन त्याला हो म्हणेल. दर रविवारी. माझ्याशी सहमत होणारी बहीण घेऊन मी काय करू?


२२ तारीख

तास संपवून पेट्रोल पंपासमोर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. मिशीवाला बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होता.

"अहो, या या! ब्रेकबाई आमच्या दारात! गाडी बंद पडली की काय?"

"माझी नाही. तुमची. परवा, चढावर."

त्याने कप शेजारच्या स्टुलावर ठेवला. "तुम्ही होतात तिथे?"

"होते. तिला सांगायचं नाही."

"बाई, ती म्हणाली तुम्हाला सांगायचं नाही. आता तुम्ही म्हणता तिला सांगायचं नाही. मी नक्की कुणाचा नोकर?"

"ऐकून घ्या. चढावर ती चुकत नाही. कुणी बोललं की तिचा पाय उचलतो. तुम्ही शेजारी बसून काय करता?"

"धीर देतो."

"देऊ नका. तोंड बंद ठेवायचं. तिच्या चेहऱ्याकडेही बघायचं नाही, डाव्या गुडघ्याकडे बघायचं. गाडी थरथरली की हँडब्रेक ती आपणहून सोडेल."

"आणि नाही सोडला तर?"

"तर बसून राहायचं. अंधार पडेपर्यंत बसायचं."

"मी गप्प बसेन हो, पण तो इन्स्पेक्टर? त्याला जन्मापासून बोलायची हौस आहे."

"दोन दिवस गप्प बसा. मग गाडीतला रेडिओ लावा. गाणी नकोत, बातम्या. मोठ्याने. बातम्या चालू असताना चढायला लावा. आणि तुमच्या दारातल्या या टेकाडावर नाही. जुन्या गिरणीमागे चढ आहे, तिथे न्या."

"तो? तिथे तर माझीच गाडी मागे येते."

"ते दिसतंच आहे."

तो हसला. माणूस वाईट नाही, पाटीच वाईट आहे. निघताना म्हणाला, "बाई, इतकं सगळं कळतं, तर तुम्हीच का नाही बसत तिच्या शेजारी?"

"मी बसले की मी बोलते," मी म्हटलं.

हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या त्या घाणेरड्या स्टुलाशेजारी उभी असताना कळलं.


२३ तारीख

काहीही वाचलं नाही. शिकवताना बोलायचं कमी करून पाहिलं. विद्यार्थ्याने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "बाई, बरं नाही का?"


२५ तारीख

संध्याकाळी गिरणीच्या बाजूने यावं लागलं. म्हणजे, आले. रस्त्यापलीकडूनच बातम्या ऐकू येत होत्या. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या निवडणुकीचे निकाल, असे मोठ्याने की कुत्री उठून बसली होती. चढाकडे पाहिलं नाही. घरी आले आणि सायकलवाल्या बाईचं एक पान वाचलं. तिची चौथी नदी.

धाकटी गेली की हे घर कसं दिसेल याचा आज पहिल्यांदा नीट विचार केला. पुस्तकं मला स्वतः जाऊन निवडावी लागतील. मला निवडता येत नाहीत. कपाटापुढे उभी राहिले की मी जाडी बघते. आजवर जे काही चांगलं वाचलं ते तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलेलं होतं, आणि मी म्हटलं होतं, बघू.


२७ तारीख, शनिवार

मैदानावर गेले नाही. मुद्दाम त्या वेळेला तीन तास लावून घेतले. नव्या विद्यार्थ्याबरोबर मोकळ्या रस्त्यावर, समोर कुणी नसताना, मी करकचून ब्रेक दाबला.

"बाई! मी काहीच केलं नाही!"

"माहीत आहे. चला पुढे."

पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा त्याने गाडी थांबवली आणि म्हणाला, "तुम्हीच चालवता का?" उरलेला तास त्याला फुकट दिला.

संध्याकाळी धाकटी आली. चेहरा कोरा. जेवली मात्र दुप्पट. मी विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून बसले, ती अजून हुळहुळते.


२८ तारीख, रविवार

महिना संपायला अवकाश आहे, पण या महिन्याचं वाचन आजच लिहून टाकते. पुढचे दोन दिवस सामान बांधण्यात जातील.

दुपारी पायरीवर मी कादंबरी उघडून बसले होते. धाकटी आली आणि तिने उघड्या पानावर लायसन्स ठेवलं. फोटो अगदीच वाईट आलाय.

"हे कधी?" मी म्हटलं. मला वाटतं बरं जमलं.

मग तिने सगळं सांगितलं. मिशीवाला, पोटरी, पहिल्यांदा नापास, काल पास. मी योग्य त्या ठिकाणी "अगं बाई" म्हटलं.

"आणि ताई, शेवटच्या आठवड्यात त्या माणसात काय फरक पडला! आधी नुसती बडबड. ‘घाबरू नका मॅडम, शाब्बास मॅडम.’ आणि एकदम गप्प. डोळे माझ्या गुडघ्यावर. मग एक दिवस बातम्याच लावल्या, कान फुटतील अशा."

"असते एकेकाची पद्धत."

"जुन्या गिरणीमागे नेलं मला. तिथे तुझ्याशिवाय कोण नेतं गं शिकवायला?"

"त्याने पाहिलं असेल मला कुणाला तरी नेताना. नक्कल करायला अक्कल लागत नाही."

तिने पानावरचं लायसन्स उचलून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "शेजारी बसून गप्प राहणं अवघड असेल, नाही?"

"फी घेतो ना तो."

"हो. तो घेतो."

मी विषय बदलला. म्हटलं, व्हॅनमध्ये ही दीपगृहाची कादंबरी ठेवू नकोस, लोक परत येणार नाहीत. झालं! ती उसळलीच. नायिका मूर्ख नाही, मी घाईने वाचते, तिला कुणी खिडकीबाहेर पडूच दिलं नाही हे मला चारशे पानांत दिसलं नाही तर चष्मा बदलायला हवा, असं बरंच काही. मीही सोडलं नाही. शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. चहा उकळून आटला. घशाला कोरड पडेपर्यंत भांडलो आणि मला या महिन्यात पहिल्यांदा एका जागी बसता आलं.

उठताना तिने एकाएकी माझ्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ सोडले नाहीत. आमच्यात ही पद्धत नाही. लायसन्स मिळाल्याचा आनंद, दुसरं काय. माझी डॉक्टरही अशीच अंगावर आली होती.

तर या महिन्याचं वाचन. दीपगृहाची कादंबरी: पावणेतीनशे पानं, बाकीची तिच्याकडून भांडणात ऐकली. शल्यविशारदाचं चरित्र: सोडलं. सायकलवाली बाई: चौथ्या नदीत. एकूण पुरं झालेलं एकही नाही.

धाकटीला मात्र कशाचाही पत्ता लागलेला नाही. मिशीवाला तोंडाचा पक्का निघाला, एवढं त्याच्याबद्दल लिहून ठेवायला हवं.